मुक्ताला, फोटोऐवजी

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना
जुलैचा तिसरा आठवडा



"मावशी, कचिनाचा एक झकास रेफरन्स पाठव ना. समोरून काढलेला, कपडे नीट दिसतील असा. मुलांच्या मासिकात 'जगभरच्या पाऊसदेवता' म्हणून पानभर चित्र आहे. सोमवारी द्यायचंय." तुझा हा निरोप आला, त्यावर मी होकाराचा अंगठा पाठवला, आणि सोमवार उलटून गेला. चिडली असशील. इंद्र काढून झाला, मेक्सिकोचा त्लालोक काढून झाला, आणि तिसरा चौकोन मावशीपायी रिकामा राहिला, असं आईला सांगितलंस म्हणे. आईने ते लगेच मला कळवलं. तिचं हे काम चोख असतं.

फोटो शोधणं अवघड नव्हतं. दोन मिनिटांत शंभर सापडले. त्यातला कोणता पाठवावा हे ठरवताना हात थांबला तो थांबलाच. तो का थांबला हे फोनवर सांगत बसले असते तर तू "हो हो" म्हणत दुसरीकडे टाईप करत राहिली असतीस. म्हणून कागद.

आधी शब्द दुरुस्त करू. कचिना ज्यांचे, त्या इथल्या होपी जमातीच्या भाषेत 'च' नाही. 'कचिना' हे बाहेरच्यांनी केलेलं रूप. ते स्वतः 'कात्सिना' म्हणतात, अनेक असले की 'कात्सिनम'. शिवाय तुझ्या पानाच्या मथळ्यातली 'देवता' इथे नीट बसत नाही. कात्सिनाची कुणी पूजा बांधत नाही. ती येतात, नाचतात, मुलांना भेटी देतात, चुकलेल्यांना दटावतात, लोकांचं मागणं ऐकून घेतात आणि पुढे नेऊन पोचवतात. ढग, मका, प्राणी, पक्षी, पूर्वज, अशी शेकडो. चांगलं जगून गेलेलं माणूस ढग होऊन परत येतं, असं होपी मानतात. तेव्हा पावसाकडे मान वर करून बघणं म्हणजे एका अर्थी आजोबांकडे बघणं.

माझ्या ओट्याजवळच्या खिडकीतून सान फ्रान्सिस्को शिखरं दिसतात. सगळ्यात उंच ते ३,८५१ मीटर. होपी या डोंगराला नुवातुक्याओवी म्हणतात आणि कात्सिनम तिथे राहतात. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य उत्तरेला वळला की, त्यांचं गावात येणं सुरू होतं. जुलैत 'निमान' नावाचा निरोपाचा सोहळा होतो आणि ती डोंगरावर परततात. तुला इथे गौरी-गणपतीची आठवण होईल, मलाही पहिल्यांदा झाली होती. होऊ दे, पण तिथेच थांबू नकोस. आपल्याकडे पाऊस पडून गेल्यावर गौरी येते. यांच्याकडे पाऊस यावा म्हणून पाहुण्यांना हातात निरोप देऊन परत धाडतात. मे-जूनमध्ये इथल्या वाळूत मक्याची रोपं कशी तग धरतात हे एकदा पाहिलंस तर या निरोपाचं वजन कळेल. ना नदी, ना कालवा. वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस. काठीने हातभर खोल भोक पाडून ओल लागेल तिथे दाणे टाकायचे. आपल्या माणदेशातल्या शेतकऱ्यालाही घाम फुटेल.

याच डोंगराच्या एका उतारावर स्कीइंगसाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून बनवलेला बर्फ फवारतात. होपी, नावाहो आणि इतर जमाती न्यायालयात गेल्या, हरल्या, आणि २०१२च्या हिवाळ्यापासून ते सुरू झालं. विषय तुझ्या चित्राचा नाही, पण भांडी घासताना रोज समोर असतो, म्हणून लिहिलं.

आता चित्र. तू कपडे नीट दिसावेत म्हणालीस ते बरोबर. होपी चित्रकारही आधी कपडेच नीट काढतो, कारण ते नुसते बघायचे नसतात, वाचायचे असतात. कमरेला पांढरं सुती वस्त्र, त्याच्या कडेला भरतकामात ढग आणि पाऊस. (होपींमध्ये माग पुरुष चालवतात. हे ऐकून तुझ्या बाबांची हबकून वर गेलेली भुवई मला इथून दिसते.) त्यावर पांढरा विणलेला पट्टा, त्याच्या लांब दशा गुडघ्याखालपर्यंत लोंबतात, त्या दशा म्हणजे सरी. पायाला मागच्या बाजूने कासवाची पाठ बांधलेली, पाऊल आपटलं की ती वाजते. हातात भोपळ्याचा खुळखुळा. मागे लोंबणारं कोल्ह्याचं कातडं. गळ्यात, दंडात डोंगरावरून आणलेल्या सदाहरित झाडाच्या डहाळ्या. 'लांबकेस्या' म्हणतात त्या कात्सिनाचे मोकळे केस पाठीवर पसरलेले असतात, तेही पाऊसच: दूर माळावर उतरताना दिसतो तसा.

रंगांना दिशा आहेत, आणि या दिशा आपल्या पूर्व-पश्चिम नव्हेत. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्य जिथे टोकाला जाऊन उगवतो आणि मावळतो, त्या चार जागा. पिवळा वायव्येचा, निळा-हिरवा नैर्ऋत्येचा, तांबडा आग्नेयेचा, पांढरा ईशान्येचा. वर काळा, खाली सगळे मिळून. इंग्रजी पुस्तकांत हे वाचताना जोडशब्दांची नुसती अडखळण होते. मराठीत चारही कोपऱ्यांना आपली आपली नावं तयार होती. वाचताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आता मला तुला एका मुलाबद्दल सांगायचं आहे. त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र.

शुंगोपावी नावाच्या गावात १९००च्या सुमारास तो जन्मला. गाव 'सेकंड मेसा'वर, म्हणजे सपाट माथ्याच्या तीन टेकाडांपैकी मधल्यावर. त्याचं नाव नाकावोयमा: रोज नव्याने, दिवसामागून दिवस उगवणारा, अशा अर्थाचं. त्याच्या टोपणनावाचं शाळेत लिहिताना 'काबोटी' झालं, पुढे 'फ्रेड' चिकटलं. त्या काळात होपी मुलांना शाळेत घालणं हा सरकारचा हट्ट होता आणि न घालणं हा कितीतरी आईबापांचा. १८९५ साली १९ होपी पुरुषांना सरकारी धोरणाला विरोध केला म्हणून अल्काट्राझच्या तुरुंगात ठेवलं होतं. फ्रेडच्या घरचे विरोध करणाऱ्यांतले. तोही शाळेला दांड्या मारायचा. शेवटी १९१५ साली त्याला उचलून दूर सांता फेच्या सरकारी निवासी शाळेत धाडलं. केस कापले, गणवेश चढवला, बोलायचं ते इंग्रजीत.

१९१८ साली त्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले, जॉन डीहफ. त्यांच्या बायकोने, एलिझाबेथने, दोन-चार मुलांना आपल्या घरी बसवून जलरंग आणि कागद दिले. काय काढायचं ते सांगितलं नाही. आणि या मुलाने कात्सिनम काढली. शाळेची इमारत, झाडं, घोडे, काहीही काढता आलं असतं. मोठेपणी त्याने याचं कारण सांगितलं आहे: आपल्या माणसांपासून इतकं लांब असलं की समोरचं दिसत नाही, मनातलं दिसतं, एकटेपणच घरचं काहीतरी काढायला लावतं.

ती सुरुवातीची चित्रं बघ. एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती आहेत, नाव वेगळं पाठवते. कोऱ्या कागदावर नाचणाऱ्यांची रांग. मागे गाव नाही, आभाळ नाही, पायाखाली जमीनही नाही. सावली नाही. मात्र दशांचा एकेक धागा मोजून घ्यावा असा. पाऊल उचललेलं आहे आणि ते नेमक्या तालावर उचललेलं आहे, हे गाणं ऐकू न येताही कळतं. कलासमीक्षक या कोऱ्या जागेला शैली म्हणतात. मी पस्तीस वर्षं मुलांना चित्रं काढायला लावली आहेत, मला ती सतरा-अठरा वर्षांच्या पोराची घाई वाटते. घर आठवायला बसलं की आधी माणसं येतात, अंगण मागाहून. पुढे त्याने अंगणही काढलं, गच्चीवर बसून बघणारी बायका-मुलंही काढली. पण तोपर्यंत तो घरी जाऊन आला होता.

गंमत बघ. १९१९ साली सांता फेच्या संग्रहालयात या मुलांची चित्रं लागली, लोकांनी वाहवा केली. आणि १९२१ साली वॉशिंग्टनहून इंडियन खात्याच्या आयुक्तांचं परिपत्रक निघालं, की हे नाच-सोहळे आवरा, त्यात वेळ आणि पैसा वाया जातो. म्हणजे भिंतीवर टांगलेला नाच चांगला, चौकातला वाईट. एकच देश, मध्ये फक्त दोन वर्षं.

१९३० साली तो गावी परतला. गावातल्या प्रौढ पुरुषांना जे संस्कार होतात ते त्याचे राहिले होते, ते झाले. त्या संस्कारांत काय असतं ते मी लिहिणार नाही. थोडंफार छापलेलं आहे, मी वाचलंही आहे. पण होपी मुलांना त्या वयापर्यंत काही गोष्टी कळू नयेत असं त्यांच्या आईबापांना वाटतं, आणि तुझं मासिक मुलांचं आहे. कुठलं पान कुठल्या मुलाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

यापुढे फ्रेडला अहोजाहो करते, कारण आता ते मास्तर होणार आहेत.

मागच्या वर्षी आपण व्हिडिओ कॉलवर ग्रँड कॅन्यन पाहिला, तेव्हा कडेला एक उंच दगडी बुरूज होता, आठवतो? तू विचारलंस, किती जुना? जुना नाहीच. मेरी कोल्टर नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी तो १९३२मध्ये बांधून घेतला, आत पोलादाचा सांगाडा, बाहेर मुद्दाम खडबडीत ठेवलेला दगड. आतल्या गोल भिंतींवर काबोटींनी चित्रं काढली. मधल्या मोठ्या वर्तुळात तियो नावाच्या तरुणाची गोष्ट आहे: पोखरलेल्या ओंडक्यात बसून तो कोलोरॅडो नदीतून खाली खाली जातो, सर्पांच्या लोकांत पोचतो आणि पाऊस आणण्याची विद्या घेऊन परततो. रंग जुळवण्यावरून कोल्टरबाई आणि काबोटी यांच्यात अधूनमधून खटके उडायचे. बाईंना प्रत्येक छटा जुनी दिसायला हवी असे. मला त्या भिंतीसमोर उभं राहून वाटलं, की खिडकीतून खरी नदी दिसतेय आणि भिंतीवर तिच्यातून गेलेला माणूस. पर्यटक मात्र दोन्हींकडे पाठ करून सेल्फी घेताहेत. मीही घेतला. तुला पाठवलेला तोच.

काबोटींनी १९३७ ते १९५९ ओराईबी गावच्या शाळेत चित्रकला शिकवली. मधल्या काळात त्यांच्या हाती एक विलक्षण काम आलं, आणि ते समजायला तुला जमिनीखाली उतरावं लागेल.

होपींची सोहळ्याची खोली जमिनीत असते, वरून शिडीने उतरायची. तिला किव्हा म्हणतात ('किंवा' नव्हे). आवातोवी नावाचं एक मोठं होपी गाव होतं, आता ओसाड आहे. १९३५ ते १९३९ हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाने तिथे उत्खनन केलं. किव्हांच्या भिंतींवर चित्रं निघाली: गेरू, पिवडी, काजळी, पांढरी माती, थोडा निळा-हिरवा. चित्राखाली गिलावा, गिलाव्याखाली आणखी एक चित्र. सोलत जावं तसतसं खाली चित्र. एका किव्हात गिलाव्याचे शंभराच्या आसपास थर मोजले. सगळ्यांवर चित्रं नव्हती, पण पुष्कळांवर होती. सोहळ्यासाठी काढायचं, सोहळा झाला की त्यावर लेप फिरवायचा, पुढच्या वेळी पुन्हा कोरी भिंत. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना आपलं काम कुणी पुढच्या शतकात बघावं असं वाटत नव्हतं. कुणी सोलून बघेल हे तर त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

त्याच गावात १६२९ साली स्पॅनिश पाद्री आले. त्यांनी चर्च बांधलं, ते थेट एका किव्हाच्या डोक्यावर. खाली किव्हा स्वच्छ वाळूने भरून टाकलेली आणि वर वेदी. १६८०च्या मोठ्या उठावात इथल्या मूळ रहिवाशांच्या बहुतेक प्वेब्लो गावांनी स्पॅनिशांना हाकललं. वीस वर्षांनी आवातोवीने पाद्र्यांना पुन्हा थारा दिला, तेव्हा इतर होपी गावांनी मिळून आवातोवी जाळलं. आपल्याच माणसांनी आपलंच गाव. त्याबद्दल होपी लोक सहजासहजी बोलत नाहीत, मीही पुढे जाते.

तर १९४१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी आवातोवीच्या भिंतींच्या प्रतिकृती करायच्या होत्या आणि ते काम काबोटींकडे आलं. मदतीला होपी तरुण. त्यांतला चार्ल्स लोलोमा पुढे दागिन्यांचा जगप्रसिद्ध कारागीर झाला. मला हे दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. पूर्वजांनी झाकलेलं चित्र परक्यांनी उघडलं, आणि ते पुन्हा काढायला त्यांचाच वंशज बसला. त्यांनी 'नाही' म्हणावं असं तुला वाटलं का? मला आधी वाटलं होतं. पण परक्या हाताने ते काढलं असतं तर नुसते आकार आले असते. त्यांना त्यातला कोणता ढग आणि कोणतं पीस हे ठाऊक होतं. आणि कुठे उगीच स्पष्ट करायचं नाही, हेही.

कात्सिनांची चित्रं कागदावर उतरण्याची सुरुवात मात्र काबोटींपासून झाली नव्हती. १९००च्या आगेमागे वॉशिंग्टनच्या मानववंशशास्त्र विभागाचे जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी काही होपी माणसांना कागद, पेन्सिली, रंग दिले आणि कात्सिनांची चित्रं काढून घेतली. त्यांना ओळखपरेडसारखी यादी हवी होती: हा कोण, तो कोण. पुस्तक १९०३ साली छापलं, रंगीत. त्या चित्रकारांतल्या एकाचं नाव कुत्साहोनाउ, म्हणजे पांढरं अस्वल. सुरुवातीला गावातले लोक कौतुकाने चित्रं बघायला यायचे आणि नावं सांगायचे. मग कुजबुज सुरू झाली, की हे चेटूक आहे, यातून काही भलतं होईल. आणि चित्रकारांचे हात आखडले. फ्यूक्स यांनी हे स्वतःच नोंदवलंय, थोड्या वैतागाने. तुझ्या-माझ्या भाषेत, रेफरन्स वेळेवर मिळेना.

आणखी एक गृहस्थ, जर्मनीचे आबी वारबुर्ग, हे मोठे कला-इतिहासकार, १८९६ साली इथे येऊन गेले. त्यांनी शाळेतल्या मुलांना वादळाची एक जर्मन गोष्ट सांगून चित्र काढायला लावलं. त्यांना बघायचं होतं की वीज कशी काढतात. चौदांपैकी बारा जणांनी पुस्तकातल्यासारखी नागमोडी वीज काढली. दोघांनी बाणासारख्या तोंडाचा सर्प काढला. वारबुर्ग त्या दोघांवर खूश झाले. मास्तरकी केलेल्या बाईला ते बारा जण जास्त आठवतात. त्यांनी सर्प घरी ठेवला असेल की ते खरंच विसरले असतील?

आता माझी स्वतःची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी जुलैतच आम्ही दोघं सेकंड मेसाला गेलो. इथून दोन तासांवर. गावाच्या तोंडाशीच पाटी: फोटो नाही, चित्रीकरण नाही, ध्वनिमुद्रण नाही, रेखाटन नाही. शेवटचं वाचून मी चरकले. कॅमेऱ्याला बंदी असते हे माहीत होतं, पण पेन्सिलीला? वही गाडीतच ठेवली. सकाळपासून दुपारपर्यंत भिंतीला टेकून उन्हात बसलो. एका बाईंनी काही न विचारता आम्हाला पिकी दिली: निळ्या मक्याची, तापलेल्या दगडावर हाताने पीठ सारवून केलेली, आपल्या मांड्यांहूनही पातळ गुंडाळी. तोंडात घातली की राख आणि मका असा वास. नाच बघितला. तो मी तुला वर्णन करून सांगणार नाही, कारण सांगायला लागले की ते रेखाटनच होईल. हात मात्र शिवशिवत होते, ते लपवून ठेवायला पदर असता तर बरं झालं असतं.

रात्री मुक्कामी वही काढली. मला सगळं आठवत होतं, दशा, डहाळ्या, पावलं. पण कागदावर उतरली ती समोरच्या गच्चीवर बसलेली एक आजी, मांडीवर झोपलेला नातू आणि दोघांवर धरलेली फुलाफुलांची छत्री. तेही नियमाच्या अगदी कडेवरचंच. म्हणून ते पान तुला दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही.

पेन्सिलीला बंदी घालण्याइतकं काय झालं, असं विचारशील. बरंच झालंय. पूर्वी मिशनऱ्यांनी किव्हांत शिरून फोटो काढले. १९९२ साली एका अमेरिकन कॉमिकमध्ये कात्सिनांच्या वेशातले गुंड दाखवले. होपींनी आक्षेप घेतल्यावर प्रकाशकाने अंक परत बोलावला, पण काही गावांनी त्यानंतर कितीतरी नाच बाहेरच्यांना बंद केले. एप्रिल २०१३मध्ये पॅरिसला सुमारे ७० कात्सिना-मुखवटे लिलावात निघाले. 'मुखवटे' हा बाजाराचा शब्द. होपी त्यांना 'मित्र' म्हणतात आणि ते जिवंत आहेत असं मानतात. विक्री थांबवायचा अर्ज फेटाळला गेला आणि मित्र विकले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा लिलाव झाला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या ॲननबर्ग फाउंडेशनने गुपचूप फोनवरून बोली लावून २४ वस्तू ५ लाख ३० हजार डॉलरला घेतल्या, २१ होपींच्या आणि ३ सान कार्लोस अपाचींच्या, परत करण्यासाठी. चांगली गोष्ट. पण आपलाच मित्र विकत घेऊन कुणी आपल्याला आणून देतो, यावर नक्की काय बोलायचं असतं?

होपी चित्रकार यात काय करतात? प्रत्येकजण आपली रेघ आपण ठरवतो, आणि या एका गोष्टीसाठी मला ते फार मोठे वाटतात. काबोटींचे चिरंजीव मायकेल आणि त्यांचे चार सोबती यांनी १९७३ साली 'आर्टिस्ट होपिद' नावाचा गट काढला. मायकेल यांनी वडिलांसारख्या नाचणाऱ्या रांगा नाही काढल्या. आवातोवीच्या भिंतींवरची मांडणी उचलली, जिथे पीस, कणीस, ढग, सर्प एकमेकांत असे मिसळतात की माहीतगाराला सगळं दिसतं आणि परक्याला रंग. त्याच गटातले नील डेव्हिड यांना विदूषक प्रिय, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, कलिंगडावर तुटून पडलेले. पावित्र्याच्या मधोमध त्यांचा धुडगूस चालतो आणि तो चालायलाच हवा असतो. डॅन नामिंगा यांच्या मोठमोठ्या कॅनव्हासवर कात्सिना पूर्ण दिसतच नाही. अर्धा चेहरा, एक कड, रंगाचा एक पट्टा. उरलेलं मागे राहतं, आणि ते तसं ठेवलेलं असतं.

तुझ्या तिसऱ्या चौकोनाचं काय ते तू ठरव. मी तुझी संपादक नाही. पण तुला समोरून काढलेला, कपडे नीट दिसणारा हवा होता, आणि मला जे माहीत आहे ते असं बाजूबाजूचंच आहे.

एक सांगायचं राहिलं. १९६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं होतं आणि अमेरिकेच्या कृषिखात्याने सदिच्छा प्रतिनिधी म्हणून फ्रेड काबोटींना तिथे पाठवलं होतं. हो, आपल्या दिल्लीत. परवा हे वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. कारण त्या प्रदर्शनाला अण्णाही गेले होते, तुझे आजोबा, गावातल्या आठ-दहा जणांबरोबर, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून. मी तेव्हा दोन वर्षांची. त्यांनी येताना अमेरिकेच्या मंडपातून एक छापील कागद आणला होता, त्यावर मक्याच्या कणसाचं रंगीत चित्र. माझ्या आईने तो खळ लावून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. मी आयुष्यात पहिलं चित्र काढलं ते त्या कणसावरून, पाटीवर, दाणे मोजून. अण्णांना त्या मंडपात कुणी होपी गृहस्थ भेटले होते का, हे विचारायला आता अण्णा नाहीत.

ते फडताळ तुझ्या आईकडे आहे, मागच्या खोलीत. डावं दार. कागद बहुतेक निघाला असेल, पण खळीचा चौकोन राहिला असेल. जरा उघडून बघ आणि फोटो पाठव.

आईला सांग, मेतकूट पोचलं. डबा फुटला होता, पण पिशवी शाबूत.

तुझी
सुधामावशी